मावसभावाचं फेरिटिन आणि एमआरएनएमधली यू-पिन

अडकित्ता (धागाकर्ता)

दिवाळीत मावसभावाने एक जाडजूड फाईल माझ्या पुढ्यात टाकली. "तू बायोकेमिस्ट्री शिकवतोस ना, मग हे वाच." वय ३८, रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) १४६०. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन ही नावं घराघरांत पोचली, त्यामुळे फेरिटिन वाढलं म्हणजे काहीतरी वाईट एवढं आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. एका डॉक्टरांनी "शरीरात लोह साठतंय" असं निदान करून दर पंधरा दिवसांनी रक्त काढून टाकायला सुरुवात केली. चार पिशव्या झाल्या. फेरिटिन जागचं हललं नाही, हिमोग्लोबिन मात्र १४ वरून ९.८ वर आलं. मावशीने असा धसका घेतला की घरातली लोखंडी कढई माळ्यावर गेली, अळिवाचे लाडू बंद, पालक बंद.

फाईल उलटीपालटी करताना दोन कागद खटकले. एक, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय तो आकडा, २६ टक्के, अगदी सरळ. लोह खरंच साठत असतं तर हा आकडा चढलेला दिसायला हवा होता. दुसरा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. तेव्हा त्याचं वय होतं ३१! मावशीचाही मोतीबिंदू पस्तिशीतच काढलेला, आणि आजोबांना "लवकर दिसेनासं झालं" हे तर घरात सगळेच सांगतात.

मोतीबिंदू आणि फेरिटिन यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो एमआरएनएच्या तीसेक अक्षरांच्या एका तुकड्यात दडलेला आहे. गंमत म्हणजे त्या तुकड्यातून प्रथिन तयारच होत नाही. हा धागा त्या तुकड्यासाठी.

शाळेत शिकलो ते असं: डीएनएची नक्कल म्हणजे एमआरएनए, रायबोसोम ती वाचत जातो, प्रथिन बनतं. पुस्तकातल्या चित्रात एमआरएनए कायम सरळ रेघेसारखा काढलेला. प्रत्यक्षात तो एकेरी दोरा आहे, आणि पीळ दिलेला दोरा सैल सोडला की स्वतःभोवतीच गुंडाळतो तसं याचं होतं. त्याची अक्षरं चारच: ए, यू, जी, सी. ए ला यू भेटला, जी ला सी भेटला की जोडी जमते, आणि दोरा तिथल्या तिथे दुमडतो. बऱ्याच घड्या बिनकामाच्या असतात. काही मात्र लाखो वर्षं जशाच्या तशा टिकल्या आहेत, कारण त्या घडीवर पेशीचं काहीतरी अडतं.

फेरिटिन हे पेशीतलं लोहाचं कोठार. २४ तुकड्यांचा पोकळ गोळा, त्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. लोह आलं की कोठारं बांधायची, नसलं की बांधकाम थांबवायचं. हॅमिश मन्रो यांच्या गटाने १९७०च्या दशकात उंदरांना लोह देऊन पाहिलं, तर फेरिटिन झपाट्याने वाढलं, पण नवा एमआरएनए बनायची वाट कुणी पाहिली नव्हती. तो आधीच पेशीत पडून होता, फक्त वाचला जात नव्हता. म्हणजे कुलूप डीएनएवर नसून एमआरएनएवरच होतं.

ते कुलूप १९८७ मध्ये सापडलं. फेरिटिनच्या एमआरएनएच्या अगदी सुरुवातीला, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधी, अंबाड्यात खोचायच्या यू-पिनसारखी एक घडी आहे. दोन दांड्या, मध्ये एका दांडीतून बाहेर आलेला एकटा सी, आणि टोकावर सहा अक्षरांचं वळण: सी-ए-जी-यू-जी आणि सहावं कुठलंही. नाव आयर्न रिस्पॉन्सिव्ह एलिमेंट, यापुढे नुसतं आयआरई. पेशीत लोह कमी असलं की आयआरपी नावाचं प्रथिन ही पिन चिमट्यात धरतं, आणि रायबोसोमच्या धाकट्या भागाला एमआरएनएवर उतरायला जागाच उरत नाही. लोह आलं की चिमटा सुटतो आणि वाचन सुरू होतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. लोह पेशीत ओढून आणणारं प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन रिसेप्टर. त्याच्या एमआरएनएवरही अशाच पिना आहेत, एक नाही पाच, पण त्या शेपटीला, मजकूर संपल्यावर. तिथे आयआरपी बसलं की वाचनात काहीच अडत नाही, उलट एमआरएनए कातरला जाण्यापासून वाचतो. पिन तीच, चिमटा तोच. लोह कमी असताना दाराशी बसलेला चिमटा कोठारांचं बांधकाम थांबवतो, आणि शेपटीला बसलेला चिमटा लोह आणणारे हात वाढवतो. पहिली पिन कापून सुरुवातीपासून दूर सरकवली तर तिचा अटकाव ढिला पडतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे घडीइतकाच तिचा पत्ताही महत्त्वाचा.

आणि मावसभाऊ? १९९५ मध्ये फ्रान्स आणि इटलीतल्या काही कुटुंबांत हीच सांगड दिसली: वाढलेलं फेरिटिन, तरुणपणी मोतीबिंदू, आणि लोह मात्र बेताचं. बिघाड निघाला फेरिटिनच्या 'एल' साखळीच्या, म्हणजे त्या गोळ्याच्या तुकड्यांपैकी एका प्रकाराच्या, आयआरईमध्ये. एखादं अक्षर बदललं की चिमट्याची पकड सुटते, आणि लोह असो-नसो, एल-फेरिटिन बनतच राहतं. रक्त काढून उपयोग नाही, कारण हे कोठार लोहाचं ऐकणंच सोडून बसलेलं असतं. डोळ्याच्या भिंगात तेच फेरिटिन साचून त्याचे बारीक स्फटिक होतात, प्रकाश विखुरतो.

भावाची जनुक चाचणी पाठवली आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.

---

सांडगे_मिरची

वाचनखूण साठवली. यू-पिनचं उदाहरण भारी, पुढचा अंबाडा घालताना आयआरई आठवणार.

एक शंका. चिमटा धरणाऱ्या त्या प्रथिनाला लोह आलंय हे कळतं कसं? तेही कुणीतरी सांगायला हवं ना? आणि सांगणाऱ्याला कोण सांगतं?

---

अडकित्ता

@सांडगे_मिरची, नेमकं बोट ठेवलंत ताई. चिमटे दोन आहेत, आणि दोघांच्या तऱ्हा वेगळ्या.

आयआरपी-१ हे बहुरूपी आहे. लोह भरपूर असलं की त्याच्या पोटात चार लोहाचे आणि चार गंधकाचे अणू मिळून एक चौकोनी खडा बसतो, आणि मग ते चक्क दुसरंच काम करतं: सायट्रेटचं आयसोसायट्रेट करणारं ॲकोनिटेज हे एन्झाइम बनतं. अकरावी-बारावीत क्रेब्ज सायकल पाठ केलेल्यांना नाव आठवेल, तोच प्रकार, फक्त हा मायटोकॉन्ड्रियाबाहेरचा. लोह संपलं, खडा निखळला, की तेच प्रथिन उघडून आरएनएची पिन धरायला मोकळं. २००६ मध्ये हे प्रथिन आणि पिन या दोघांचा जोडीने स्फटिक काढून रचना पाहिली गेली. प्रथिन पिनेला दोन जागी धरतं, टोकाच्या वळणातल्या ए-जी-यू ला आणि तो बाहेर आलेला सी आहे ना, त्याला. दोन्हीच्या मध्ये दांडीचं अंतर बरोबर हवं. म्हणून कुठलीही ऐरीगैरी पिन चालत नाही.

आयआरपी-२ ला असा खडा नाही. लोह असलं की त्याला सरळ मोडीत काढतात. मोडीत काढायचा हुकूम देणारं प्रथिन, एफबीएक्सएल-५, स्वतःच लोह धरून स्थिर होतं. तुमचा 'सांगणाऱ्याला कोण सांगतं' हा प्रश्न तिथे थांबतो: शेवटी कुणीतरी लोहाला प्रत्यक्ष हात लावलेला असतो.

---

मठ्ठा

लेख चांगला, पण थोडं ताक फुंकून पितो.

१. 'घडी' हा शब्द खटकला. घडी कपड्याची, कागदाची. इथे 'संरचना' हवं.

२. त्याहून महत्त्वाचं. परीक्षानळीत आरएनए दुमडतो हे मान्य. पेशीत रायबोसोम त्याच्यावरून सारखे ये-जा करत असतात, गाठी सोडवणारी हेलिकेज असतात. तिथे या सुंदर पिना टिकतात हे कशावरून? कॉम्प्युटरला कुठलंही आरएनए द्या, तो काहीतरी नक्षी काढून देतोच. अशा नक्ष्यांवर किती पेपर निघालेत याची गणती नाही.

---

अडकित्ता

@मठ्ठा, मुद्दा क्र. १: संरचना म्हटलं की मला पुलाची आठवण येते. घडीच राहू दे.

मुद्दा क्र. २ मात्र रास्त आहे, आणि तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. २०१४ मध्ये जिवंत यीस्ट पेशींत डीएमएस नावाचं रसायन सोडून मोजमाप झालं. जे ए आणि सी जोडीत अडकलेले नाहीत त्यांना हे रसायन चिकटतं. निष्कर्ष असा की एमआरएनएच्या परीक्षानळीतल्या बहुतेक घड्या पेशीत दिसतच नाहीत, पेशी ऊर्जा खर्चून त्या उलगडत ठेवते. म्हणजे तुमची शंका सर्वसाधारण एमआरएनएच्या बाबतीत खरी ठरली. मूठभर घड्या टिकतात, आणि कामाच्या घड्या सहसा त्या मूठभरांत असतात.

आता त्या कशा ओळखायच्या. एक जुनी, स्वस्त आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात पटणारी रीत: दांडीतल्या एका बाजूचं अक्षर बदला. जोडी मोडली, काम बंद. आता समोरचं अक्षरही असं बदला की नवी जोडी जमेल, जी-सी च्या जागी सी-जी. काम परत सुरू झालं तर अक्षरं गौण, जोडी महत्त्वाची. निसर्गाने हाच प्रयोग आधी करून ठेवलेला असतो. दहा प्राण्यांतली तीच जागा एकाखाली एक लिहा, अक्षरं बदललेली दिसतील पण जोड्या शाबूत. कॉम्प्युटरच्या नुसत्या नक्षीत हे सापडत नाही.

शिवाय २००५ पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या केव्हिन वीक्स यांची शेप नावाची पद्धत आहे. त्यातलं रसायन लवचीक, मोकळ्या अक्षरांच्या साखरेला चिकटतं. २००९ मध्ये याच पद्धतीने एचआयव्हीच्या अख्ख्या जीनोमचा घडीनकाशा काढला गेला.

---

मठ्ठा

जोडी बदलून परत जमवायची युक्ती पटली. ती लेखातच हवी होती.

'घडी' अजून पटलेलं नाही.

---

पॅथॉलॉजीवाली

लॅब चालवते म्हणून चार शब्द, नाहीतर उद्या निम्मे वाचक जनुक चाचणीची चौकशी करत दारात उभे राहतील.

फेरिटिन वाढलेल्या बहुतेक लोकांत कारण साधंच असतं: फॅटी लिव्हर, दारू, कुठलातरी संसर्ग, संधिवातासारखी सूज. कोविडमध्ये वाढत होतं तेही सुजेमुळेच. म्हणून रिपोर्ट एकटा वाचू नये, सोबत सीआरपी (सूज दाखवणारी चाचणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघावं. सॅच्युरेशन नॉर्मल, सूज नाही, यकृत ठीक, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणी मोतीबिंदू, अशी सगळी पानं जुळली तरच आयआरईचा विचार. आजार दुर्मिळ आहे. पण आनुवंशिकता प्रबळ प्रकारची, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी पुरे. त्यामुळे सापडला की घरात एकट्याला सापडत नाही.

अडकित्ता, एक विचारते. चाचणी कुठली पाठवलीत? एक्झोम मागवली असेल तर जपून. एक्झोम मुख्यत्वे प्रथिनाचा मजकूर वाचते. ही पिन मजकुराच्या बाहेर, सुरुवातीच्या कोऱ्या समासात आहे, ती कित्येकदा नीट वाचलीच जात नाही. मग रिपोर्टवर "काही आढळले नाही" असं छापून येतं आणि रुग्ण पुन्हा रक्त काढायच्या रांगेत. एफटीएल (एल-फेरिटिनच्या) जनुकाचा तेवढाच तुकडा सँगर पद्धतीने वाचून घ्यायला सांगा, खर्चही कमी.

---

अडकित्ता

डॉक्टर, दंडवत. एक्झोमच पाठवली होती. आजच फोन करतो.

---

कोकणकडा

मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. मला जे समजलं ते असं की डेटा फाईलच्या हेडरमध्येच एक इफ-एल्स लिहिलेलं आहे. पण इथे अट तपासायला बाहेरचा प्रोग्रॅम, म्हणजे आयआरपी, लागतोच. मधला हा माणूस काढून टाकता येत नाही का? फाईलनेच स्वतःची अट तपासावी असं?

---

बुरशी

@कोकणकडा, येतं की! जिवाणू ते सर्रास करतात. मी जर्मनीत जिवाणूंच्या आरएनएवर काम करते, माझं पोट याच्यावरच चालतं, म्हणून थोडं लांबण लावते.

जिवाणूंना पुरेसं बी-१२ मिळालं की ते बी-१२ आत ओढणाऱ्या प्रथिनाचं उत्पादन थांबवतात, हे खूप आधीपासून माहीत होतं. मग बी-१२ ओळखून उत्पादन थांबवणारं प्रथिन कुठलं, याचा शोध सुरू झाला. बरीच वर्षं गेली, ते सापडेना. कारण तसं प्रथिन नव्हतंच. २००२ मध्ये येलमधल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने दाखवलं की एमआरएनएचं तोंडच एक खळगा बनवतं आणि बी-१२ चा रेणू थेट त्यात जाऊन बसतो. त्याच वर्षी थायमिनचंही तसंच निघालं, आणि न्यूयॉर्कमध्ये येव्गेनी नुडलर यांच्या गटालाही तेच दिसलं. यांना रायबोस्विच म्हणतात. आता पन्नासहून अधिक प्रकार माहीत आहेत. ब्रेकरांच्या प्रयोगशाळेत हे काम पुढे नेणाऱ्यांत नरसिंहन सुदर्शन, मौमिता मंडल ही आपल्याकडची नावं ठळक आहेत.

चालतं कसं? एमआरएनएच्या तोंडाशी दोन भाग. पहिला खळगा, दुसरा फाटा. फाट्यावरची अक्षरं दोन प्रकारे जुळू शकतात आणि दोन्ही एकाच वेळी जुळू शकत नाहीत. खळगा रिकामा असेल तर एक जुळणी, रायबोसोमला उतरायची जागा मोकळी. खळग्यात रेणू बसला की दुसरी जुळणी, जागा झाकली जाते. काही जिवाणूंत तर दुसऱ्या जुळणीने अशी कडक पिन तयार होते की आरएनए लिहिणारं यंत्र तिथेच गळून पडतं, पुढचा एमआरएनए लिहिलाच जात नाही. सगळं घाईत चालतं बरं का. आरएनए लिहिला जात असतानाच दुमडत असतो, यंत्र फाट्यापर्यंत पोचायच्या आत निर्णय व्हायला हवा.

ही कल्पना अगदी आकाशातून पडलेली नव्हती. चार्ल्स यानोफ्स्की यांनी ई. कोलायच्या ट्रिप्टोफॅन जनुकांवर १९७०च्या दशकात असाच फाटा शोधला होता. तिथे रेणूऐवजी रायबोसोम कुठे अडखळतो यावर फाटा ठरतो. सुरुवातीच्या १४ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या मजकुरात लागोपाठ दोन ट्रिप्टोफॅन आहेत. पेशीत ट्रिप्टोफॅन नसेल तर रायबोसोम तिथे खोळंबतो, पुढची अक्षरं वेगळी दुमडतात, आणि ट्रिप्टोफॅन बनवणारी जनुकं वाचली जातात. टंचाई मोजायला टंचाईतच अडकणारा कारकून बसवलाय. इतकं हुशार काही मी नंतर पाहिलं नाही.

थायमिनचा रायबोस्विच फक्त जिवाणूंत नाही, बुरशीत आहे (माझा आयडी उगाच नाही), वनस्पतींत आहे, भाताच्या जनुकांतही. माणसात मात्र असा स्पष्ट रायबोस्विच कुणी दाखवलेला नाही. म्हणूनच औषधवाल्यांचा डोळा त्यावर आहे: जिवाणूच्या खळग्यात खोटी किल्ली अडकवली तर आपल्या पेशींना धक्का लागायचा नाही. मर्कने २०१५ मध्ये रायबोसिल नावाचा असा रेणू जाहीर केला, जो बी-२ च्या रायबोस्विचला फसवतो. जिवाणू बदल करून निसटतात हेही त्याच कामात दिसलं. बाजारात असं औषध अजून नाही.

---

कोकणकडा

समजलं आणि डोकंही गरगरलं. कारकुनाचं उदाहरण बेस्ट.

---

वऱ्हाडी_पावणा

राजेहो, मी पाणीपुरवठ्यातला माणूस, यवतमाळ-चंद्रपूरच्या बोअरवेल पाहण्यात उमर गेली. तुमच्यात मी काऊन घुसलो म्हणाल, तर मले आठवते की फ्लोराइड ओळखणाराही असा आरएनए असते म्हणून कुठंतरी वाचलं होतं. आमच्या इकडे पोट्ट्यांचे दात पिवळे, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडलेले, सारं फ्लोराइडचं काम. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी प्यायचं नाही, असा नियम. पण खरंच आरएनए फ्लोराइड धरते काय? का थाप?

---

बुरशी

थाप नाही भाऊ. आणि रसायनशास्त्र येणाऱ्याला ती थापच वाटावी असं आहे. आरएनएच्या अंगभर ऋण भार, फ्लोराइडवरही ऋण भार. दोघांनी एकमेकांना ढकलायला हवं. २०१२ मध्ये ब्रेकरांच्या गटाने हा रायबोस्विच जाहीर केला, आणि त्याच वर्षी स्फटिकातून उत्तर मिळालं: मध्ये मॅग्नेशियमचे तीन धनभारित आयन पंचाईत मिटवायला बसलेले असतात. आरएनए मॅग्नेशियमला धरतो, मॅग्नेशियम फ्लोराइडला. फ्लोराइड जिवाणूंनाही विषारी, त्यामुळे ते आत आलं की हा स्विच फ्लोराइड बाहेर फेकणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतो.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या गटाने पेशी फोडून त्यातली यंत्रणा आणि हा रायबोस्विच एका नळीत वाळवून ठेवला. पाण्याचा थेंब टाकला की यंत्रणा जागी होते, फ्लोराइड असेल तर रंग येतो. २०२० मध्ये हे कोस्टारिकात नैसर्गिक पाण्यावर जागेवरच वापरून पाहिलं. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं की ते ओळखतं.

---

वऱ्हाडी_पावणा

दोनच्या वर म्हणजे आमचा दीडचा नियम अजून त्याच्या टप्प्यात नाही बाप्पा. पण नळी वाळवून नेता येते हे बेस झालं, आमच्या किटमधलं ते लाल रसायन उन्हात ठेवलं की बोंबलते.

अवांतर: फ्लोराइड काढायचं नलगोंडा तंत्र, तुरटी आन् चुन्याचं, हे नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं काढलं. नाव तेलंगणाचं, डोकं नागपूरचं! ओळखायचं यंत्र परदेशातून येऊ द्या, काढायचं आम्ही केलं हाय.

---

सांडगे_मिरची

बुरशीताई, एक घरगुती शंका. फ्रीजमध्ये ठेवलं की जंतू वाढत नाहीत असं आपण धरून चालतो. मध्यंतरी वाचलं की लिस्टेरिया फ्रीजमध्येही वाढतो. मग तो तिथेच विषारी होऊन बसतो का, आणि यात तुमच्या आरएनएचा काही हात?

---

बुरशी

हात म्हणजे, पूर्णच. लिस्टेरिया फ्रीजमध्ये वाढतो, पण हल्ला करायची हत्यारं तिथे परजत नाही. हत्यारांचा मुख्य स्विच म्हणजे पीआरएफए हे प्रथिन. त्याच्या एमआरएनएच्या तोंडाशी एक घडी आहे जी ३० अंशांना बंद असते, रायबोसोमला जागा मिळत नाही. ३७ अंशांना, म्हणजे आपल्या पोटात गेल्यावर, घडी सैल पडते. ना प्रथिन, ना रेणू, नुसती ऊब. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये हे दाखवलं. याला आरएनए थर्मामीटर म्हणतात. जी-सी ची जोडी तीन बंधांची, ए-यू ची दोन, आणि जी-यू ची तर कशीबशी जमलेली. कुठल्या अंशाला घडी सुटावी हे बरंचसं अशा मिश्रणावर ठरतं. साखरेचा पाक एकतारी की दोनतारी तसं समजा.

व्यवहारात: गरोदर बायकांनी कच्चं दूध आणि त्याचं मऊ चीज टाळावं. दूध उकळण्याची आपली सवय उत्तम आहे, ती सोडू नका.

---

मठ्ठा

जिवाणूंचं झालं. पण माणसात काय, फक्त लोहाचीच पिन? एका उदाहरणावर एवढा धागा?

---

अडकित्ता

नाही हो. लोहातच अजून एक आहे: हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) बनवण्याची पहिली पायरी करणारं लाल पेशींमधलं एन्झाइम, त्याच्या एमआरएनएच्या तोंडाशीही आयआरई आहे. लोह नसताना हीम बनवून करणार काय! म्हणजे लोहाच्या कमतरतेत कोठार आणि कारखाना दोन्ही एकाच पिनेने बंद होतात.

लोहाबाहेर बघायचं तर सेलेनियम घ्या. यूजीए म्हणजे 'थांबा' हे आपण पाठ केलेलं. पण माणसाच्या २५ जनुकांत हाच थांबा 'सेलेनोसिस्टीन (सेलेनियमवालं अमिनो आम्ल) बसवा' असं वाचला जातो, कारण एमआरएनएच्या शेपटीत सेसिस नावाची एक घडी तसं बजावते. शब्द तोच, अर्थ लांबवरच्या घडीने बदलला. आणि कोविडच्या विषाणूत एक तीन दांड्यांची गाठ आहे, रायबोसोमला एक अक्षर मागे घसरवणारी. त्या घसरण्यावाचून विषाणूला स्वतःची नक्कल करणारं यंत्र बनवता येत नाही.

लसींत उलट काम. तिथे सुरुवातीला नको त्या गाठी पडू नयेत म्हणून धडपड. फायझर-बायोएनटेकने तोंडाशी माणसाच्या अल्फा ग्लोबिनच्या एमआरएनएवर बेतलेला समास लावला, तो भरवशाने वाचला जातो म्हणून. पुण्याच्या जिनोव्हाच्या लसीबद्दल (जून २०२२ मध्ये परवानगी मिळालेली, साध्या फ्रीजच्या तापमानाला राहणारी, स्वतःच्या नकला काढणारी एमआरएनए लस) कुणा जाणकाराने वेगळा धागा काढावा. माझा तो प्रांत नाही.

---

मठ्ठा

बरं. +१.

('घडी' चालेल, पण 'गाठ' वेगळ्या अर्थाने वापरलीत तर कळवा.)

---

पॅथॉलॉजीवाली

वीस दिवस झाले. सँगरचं काय?

---

अडकित्ता

काल रात्री आला, लिहायला आज जमलं.

एक्झोमचा रिपोर्ट आधी आला होता: "काही आढळले नाही". अगदी तुम्ही म्हणाला होतात तसाच. सँगरमध्ये मात्र स्वच्छ दिसलं. एफटीएल, सुरुवातीच्या समासातलं ४० वं अक्षर, ए च्या जागी जी. टोकाच्या वळणातल्या सी-ए-जी-यू-जी मधला तो ए. १९९५ च्या फ्रेंच कुटुंबात होता तोच बदल. दोन प्रतींपैकी एकीत. मावशीचंही रक्त पाठवलं होतं, तिच्यातही तेच.

भावाला समजावताना जरा अवघड गेलं. "म्हणजे माझं लोखंड जास्त नव्हतंच?" नव्हतं. "मग चार पिशव्या?" यावर मी काय बोलणार. आधीच्या डॉक्टरांना रिपोर्टची प्रत पाठवली, त्यांनी मोकळेपणाने "हे माझ्या पाहण्यात नव्हतं" असं कळवलं. रक्त काढणं बंद. हिमोग्लोबिनसाठी आता उलट लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, फेरिटिन १४०० च्या घरात असताना. केमिस्टने दोनदा फोन करून खात्री केली म्हणे.

त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. तिची चाचणी लगेच करायची की डोळे तपासत राहायचं, यावर घरात दोन तट पडलेत. डॉक्टर, तुमचं मत हवं.

---

पॅथॉलॉजीवाली

शक्यता निम्मी-निम्मी. मी असते तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पखाली भिंग बघून घेतलं असतं, आणि वर्षाला एकदा ते चालू ठेवलं असतं. जनुक कळल्याने आज उपचारात काही बदलत नाही. फक्त पुढे कधी तिचं फेरिटिन वाढलेलं दिसलं तर तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा की घरात हा बदल आहे, रक्त काढू नये. तेवढं मात्र आजच करा.

---

अडकित्ता

केलं. मावशीने माळ्यावरून कढई खाली काढली आहे, हेही जाता जाता.

---

सांडगे_मिरची

इतके दिवस माळ्यावर होती म्हणजे गंज चढला असणार. चिंच-मिठाने घासून, तेलाचा हात फिरवून मंद आचेवर तापवायला सांगा मावशींना. पहिली भाजी टाकून द्यायची, दुसरीपासून खायची.